एमजीबी जीटी (1972): मूळ रूपात आणावी की नवं इंजिन बसवावं?

ओव्हरड्राइव्ह (कॉव्हेंट्री)

मंडळी, सल्ला हवा आहे. घाई नाही, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे 1972 ची एमजीबी जीटी आली. आमच्याच गल्लीतले एक आजोबा ती 1981 पासून चालवत होते. गुडघ्यांमुळे क्लच दाबवेना, तशी तीन वर्षं गाडी गॅरेजात उभी राहिली. मग एके दिवशी त्यांनीच बोलावून विचारलं, "तू नेतोस का?" गाडीबरोबर एक जाडजूड वही दिली. पेट्रोल कधी भरलं, ग्रीस कधी मारलं, कुठला पार्ट केव्हा बदलला, सगळं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: एमजीबी ही एमजी कंपनीची स्पोर्ट्स गाडी, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनली. आधी उघड्या टपाची आली, 1965 मध्ये छत असलेली जीटी आली. त्या छताच्या रेषेत पिनिनफरीना या इटालियन डिझाइन कंपनीचा हात आहे, आणि माझ्या मते बाजूने बघितली तर इतकी नीटस ब्रिटिश गाडी त्या किमतीत दुसरी नव्हती. एकूण पाच लाखांहून जास्त बनल्या. 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, कागदोपत्री 95 हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे डिस्क ब्रेक, मागच्या सस्पेन्शनला पाटे. पुढच्या चाकांना किंगपिन (चाक वळतं ते दांडे) आणि ग्रीस निपल. वेळच्या वेळी ग्रीसगन मारली नाही तर किंगपिन धरून बसतात.

आता माझ्या गाडीची अवस्था. वहीप्रमाणे 1986 पासून बाहेरून लाल आहे, पण गालिचा उचलला की निळा रंग दिसतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून ते देतात. त्यात मूळ रंग 'टील ब्लू' निघाला आणि इंजिन नंबर जुळला. छताला कापडी सनरूफ आहे, ते आजोबांनी 1984 मध्ये बसवून घेतलेलं. इंजिन चालतं, पण धूर आहे आणि कॉम्प्रेशन दोन सिलिंडरला कमी आहे.

माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे सर्टिफिकेटमध्ये आहे तशी गाडी करायची: टील ब्लू, सनरूफ काढून छत बंद, सगळं कारखान्यासारखं. दुसरी म्हणजे माझदाचं दोन लिटरचं इंजिन, पाच किंवा सहा गिअर, इंजेक्शन, चांगले ब्रेक. फ्रंटलाइन या कंपनीने 2012 मध्ये एमजीबीच्या पन्नाशीला 'एलई50' नावाने अशी गाडी केली होती, ती जवळून पाहिल्यापासून मन तिकडे ओढतंय. आठ हजार पौंड बाजूला ठेवले आहेत. दोन्ही होणार नाही. तुम्ही काय केलं असतं?

मोटरवेकर (मिल्टन कीन्स)

मी दुसऱ्या वाटेच्या बाजूने, आणि मनापासून.

गाडी चालवायला आहे. चौथ्या गिअरमध्ये ताशी 70 मैलांना हे इंजिन 3900 आरपीएमच्या आसपास फिरतं. ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर) लागला तर साधारण 3200 वर येतं, पण तो पन्नास वर्षांचा आहे. आजूबाजूला दोन टनांच्या एसयूव्ही, पावसाळी अंधार, शेजारच्या सीटवर घरचं माणूस. तुम्हाला ज्या दिवशी या गाडीची धास्ती वाटेल त्या दिवसापासून ती गॅरेजात राहील. उभ्या गाडीचं काय होतं ते तुम्हाला तीन वर्षं उभ्या राहिलेल्या या गाडीतच दिसतंय.

दुसरं, पाच लाखांतली ही एक. एकाच राजासाठी एकच बनलेली गाडी असती तर मीही म्हटलं असतं, हात लावू नका. तिसरं, कारखान्याने स्वतः काय केलं ते बघा. आधी केन कॉस्टेलो या गृहस्थाने एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही8 (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलं, मग कंपनीनेही तेच करून 1973 ते 1976 मध्ये 2591 जीटी व्ही8 काढल्या. ते इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे वजनही बी-सिरीजच्या जवळपासच. त्या गाड्यांना आज लोक 'ओरिजिनल' म्हणून जपतात. मोठं इंजिन बसवणं या गाडीच्या वंशातच आहे.

कोथरूडकर (पुणे)

माझा अनुभव लिहितो, त्यातून काय घ्यायचं ते घ्या.

आमच्या वडिलांची 1956 ची डुक्कर फियाट होती. 1089 सीसीचं इंजिन, हँडलखाली गिअर. 1998 मध्ये इंजिन दमलं तेव्हा एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मी त्यात एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन बसवून घेतलं. गिअर खाली जमिनीवर आणायला मधला पत्रा कापला. पहिले दोन महिने घाट चढताना फार आनंद झाला. मग ब्रेक पुरेना. मग मागच्या एक्सलचा आवाज सुरू झाला. आणि मूळ इंजिन? गॅरेजवाल्याने विचारलं, "याचं काय करू?" मी म्हटलं, "काहीही कर." भंगारवाल्याने किलोवर नेलं.

2021 च्या जुलैमध्ये केंद्राचे विंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी पाच हजार. पण अट स्पष्ट आहे: चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत फेरफार नको. माझी गाडी तिथेच बाद. वडिलांच्या गाडीला मानाने रॅलीत न्यायची संधी मी तेवीस वर्षं आधी किलोच्या भावाने विकली होती. आजही ते इंजिन शोधतोय.

म्हणून एकच विनंती. काहीही करा, पण जे काढाल ते फेकू नका.

धातुशोध (बर्मिंगहॅम)

मी बॉडी स्ट्रक्चरमध्ये काम करते, त्यामुळे इंजिनाच्या आधी पत्र्याबद्दल बोलते. ओव्हरड्राइव्ह, तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये सिलचा उल्लेख नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी पोकळ पेटी जाते ती सिल. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली अजून एक दुमडलेला भाग, असे थर आहेत. गाडी मधून वाकत नाही ती यामुळे. आणि नेमका इथेच गंज धरतो, कारण पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागे, चिखल साचून राहतो आणि ओल खाली उतरते. बाहेरून फक्त दोन फुगे दिसतात, आत काही उरलेलं नसतं.

इंजिन बदललं म्हणजे फक्त इंजिन बदललं असं होत नाही. ताकद वाढली की गिअरबॉक्स आला, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आली, मागचा एक्सल, रेडिएटर, इंजेक्शनसाठी जास्त दाबाचा पेट्रोल पंप आणि टाकीतले बदल, नवं वायरिंग, स्पीडोमीटर कसा चालवायचा, ब्रेक, मग टायर. आठ हजारांत हे नीट होत नाही; होतं ते अर्धवट होतं, आणि अर्धवट मॉडिफाय केलेल्या गाडीसारखी धोकादायक आणि न विकली जाणारी गाडी दुसरी नाही. एलई50 चांगली आहे कारण ती नव्या हेरिटेज शेलवर (बॉडीच्या कोऱ्या सांगाड्यावर) उभी केलेली आहे. मूळ साच्यांवरून हे शेल 1988 पासून बनतात. तुमचं शेल पन्नास वर्षांचं आहे.

तेव्हा आधी इंजिन राहू द्या. दार उघडा, जॅकच्या जागेवर जॅक लावून एक बाजू उचला आणि दार पुन्हा लागतंय का बघा. जीटीला छताचा आधार असतो म्हणून ती दोष लपवते, त्यामुळे लोहचुंबक आणि छोटी हातोडी घेऊन सिलभर फिरवा. चुंबक धरत नसेल तिथे लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे.

मोटरवेकर

धातुशोध, पत्र्याबद्दल +१. तो मुद्दा मी विसरलो होतो. पण पत्रा दोन्ही वाटांवर करावाच लागणार, मग त्याने निर्णय कसा होतो?

धातुशोध

पैशाने होतो.

वंगण (लीड्स)

इथल्या कायद्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 40 वर्षांवरच्या गाडीला 'हिस्टॉरिक' म्हणून नोंदवलं की रोड टॅक्स शून्य. मे 2018 पासून अशा गाडीला वार्षिक एमओटी तपासणीचीही सक्ती नाही, पण गेल्या 30 वर्षांत तिच्यात मोठा बदल झालेला नसेल तरच. चेसिस किंवा मोनोकॉक बॉडी (बॉडी हीच चेसिस), एक्सल-सस्पेन्शन आणि इंजिन, यांचा त्यात विचार होतो. त्या मॉडेलला कारखान्यातूनच पर्याय म्हणून मिळणारं इंजिन मोठा बदल धरत नाहीत. म्हणजे मोटरवेकर, तुमच्या व्ही8 ची बाजू मांडता येईल. माझदाचं इंजिन त्या व्याख्येत बसवणं अवघड आहे.

माझं मत विचाराल तर सक्ती नसली तरी मी माझ्या गाडीची एमओटी दरवर्षी करून घेतो. दुसऱ्या माणसाने खाली जाऊन बघितलेलं बरं असतं. आणि विमा काढताना ठरलेल्या किमतीचा काढा, काय काय बदललंय ते सगळं लिहून द्या. अपघातानंतर 'हे सांगितलं नव्हतं' अशी वेळ येऊ देऊ नका.

सॅनहोजेकर (कॅलिफोर्निया)

इकडून माझी 1971 ची डॅटसन 240झेड. मूळ एल24 इंजिन 2393 सीसीचं. मी नंतरच्या 280झेडएक्सचं एल28 बसवलं. त्याच कुटुंबातलं इंजिन, त्याच माउंटिंगवर बसतं, एक भोकही पाडावं लागलं नाही. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चाचणी (धुराची तपासणी) नाही, म्हणून हे शक्य झालं. मूळ इंजिन गॅरेजात लाकडी चौकटीवर आहे. सिलिंडरमध्ये तेल सोडलेलं, तोंडं बंद केलेली, वर ताडपत्री. कोथरूडकर, तुमची पोस्ट वाचल्यावर खाली जाऊन ताडपत्री उचलून बघून आलो.

एक आठवण. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निस्साननेच इथे जुन्या 240झेड विकत घेऊन, पूर्ण उघडून, मूळ रूपात आणून डीलरमार्फत विकल्या होत्या. कंपनीला स्वतःला ते काम महाग पडलं आणि थोड्याच गाड्या झाल्या. 'कारखान्यासारखी' हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. योग्य रंगाचा बोल्ट, योग्य शिक्क्याचा क्लॅम्प, योग्य विणीचं कापड, यात माणसाची वर्षं जातात. त्या कामात आनंद वाटत असेल तरच त्या वाटेला जावं.

नवशिका_चालक (ठाणे)

वाचनमात्र होतो, एक शंका. बॅटरी आणि मोटर बसवून इलेक्ट्रिक का करू नये? इंग्लंडमध्ये बरेच लोक करतात असं वाचलंय.

वंगण

करतात, आणि शहरात रोज वापरायची असेल तर वाईट नाही. पण खर्च माझदापेक्षा जास्त, वजनाचा समतोल बदलतो. आणि एमजीबीचा निम्मा जीव त्या एसयू कार्ब्युरेटरच्या श्वासात आहे. हे माझं वैयक्तिक मत.

ओव्हरड्राइव्ह

सर्वांचे आभार. कोथरूडकर, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. धातुशोध, शनिवारी चुंबक फिरवतो.

ओव्हरड्राइव्ह

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले, आणि बरंच घडलं.

चुंबक सगळीकडे धरत होता. खूश झालो. पण जॅक लावल्यावर डाव्या बाजूचं दार चौकटीला घासायला लागलं. वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने सिलचा बाहेरचा पत्रा कापला आणि मला बोलावलं. आत आणखी एक सिल होती. जुनी, कुजलेली सिल तशीच ठेवून तिच्यावर नवा पत्रा वेल्ड करून टाकलेला. मधल्या पडद्याचा खालचा अर्धा भाग नाहीच. हात घातला तर ओंजळभर तांबडा भुगा निघाला. उजव्या बाजूला तेच.

वहीत 1993 ची नोंद आहे: दोन्ही सिल नव्या, आणि पुढे आकडा. त्या काळच्या मानाने मोठा आकडा. आजोबांनी पूर्ण कामाचे पैसे दिले होते आणि त्यांना झाकण मिळालं. तीस वर्षं ते त्या गाडीतून बायकोला घेऊन वेल्सला जात होते. कोणी केलं ते वहीत आहे, इथे लिहीत नाही. मला दोन रात्री झोप नीट लागली नाही. आजोबांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

दोन्ही बाजूंचे सगळे थर, पायाखालच्या पत्र्याचे तुकडे आणि मागच्या पाट्यांच्या टेकूजवळचं काम धरून पाच हजार चारशे पौंड. धातुशोध, तुम्ही एका शब्दात उत्तर दिलं होतंत, ते तसंच झालं.

माझदा आता नाही. पण खरं सांगतो, नुसत्या पैशामुळे नाही. गाडी उघडी पडलेली असताना मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. हे इंजिन आजोबांनी एकदा स्वतः बांधलंय. 1989, चार शनिवार, रिंगा आणि बेअरिंग. ते काढून कोपऱ्यात ठेवायला मन तयार होईना.

तर ठरलं ते असं. बी-सिरीज राहतंय, बोअर करून, नवे पिस्टन घालून. हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट, कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे आणि ते पेट्रोल इथे 2000 मध्ये बंद झालं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या खटक्याच्या) जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. बाहेरून दिसत नाही, मूळ पॉइंट आणि कंडेन्सर डबीत भरून ठेवले. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या ई10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल) चालणाऱ्या, तरी पेट्रोल ई5 च भरणार. मोटरवेकर, तुमची धास्तीची गोष्ट मनात राहिली होती: पुढच्या ब्रेकचं पूर्ण काम, नवे टायर आणि दोन्ही सीटना चांगले पट्टे त्याच पैशात बसवले आहेत.

राहिला रंग. सिल नव्या म्हणजे दाराखालून रंग लागणारच. लाल की टील ब्लू?

कोथरूडकर

टील ब्लू. सर्टिफिकेट आहे, गालिच्याखाली पुरावा आहे, एवढं काम काढलंच आहे. आत्ता नाही केलं तर पुन्हा होणार नाही.

मोटरवेकर

माझ्याकडून हे अपेक्षित नसेल, पण लाल ठेवा. टील ब्लू ती फार तर चौदा वर्षं होती. चाळीसच्या आसपास वर्षं लाल आहे. मूळ म्हणजे कुठल्या दिवसाचं मूळ? ॲबिंग्डनच्या दारातून बाहेर पडली तो दिवस एवढाच खरा का?

धातुशोध

तांत्रिक बाजू सांगते. रंग खरोखर बदलायचा तर इंजिनची खोली, दारांच्या चौकटी, डिकी, डॅशबोर्डमागचा पत्रा, सगळं मोकळं करून करावं लागतं. तुमचं इंजिन बाहेर आहे म्हणून तेवढा भाग सोपा आहे, बाकी नाही. आणि सनरूफची जागा बंद करू नका. तो छताचा पत्रा मोठा, पातळ आणि जवळपास सपाट. मधोमध तुकडा वेल्ड केला की उष्णतेने लाटा येतात, मग त्या लपवायला लांबी. पूर्ण छत बदलायचं नसेल तर ते भोक आहे तसं चांगलं आहे.

सॅनहोजेकर

मोटरवेकरांना अनुमोदन. इंजिनच्या खोलीत टील ब्लू राहू द्या, बाहेर लाल. जो बॉनेट उघडेल त्याला कळेल.

ओव्हरड्राइव्ह

कोथरूडकर, तुमचं मत टाळून पुढे जाताना जरा जड वाटतंय, पण लाल. वहीत 1986 च्या जूनमध्ये तीन दिवसांच्या नोंदी आहेत: पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात, हवा कोरडी. स्वतः रंगवली होती त्यांनी, अंगणात. नव्या सिलपुरता लाल लावतोय, दारांपर्यंत मिसळून घेणार. सनरूफ राहतंय, फक्त कापड आणि त्याच्या पाण्याच्या नळ्या नव्या. इंजिनची खोली टील ब्लू, नुसती साफ करून.

सोमवारी हेड आणि ब्लॉक मशिनशॉपला जातायत. एक शंका आहे. ओव्हरड्राइव्ह थंड असताना व्यवस्थित लागतो, वीस-पंचवीस मैलांनंतर आपोआप सुटतो. गिअरबॉक्स आत्ता इंजिनबरोबर बाहेरच आहे. उघडावा का?

वंगण

आधी साध्या गोष्टी. ओव्हरड्राइव्हचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, गाडी उभी होती तेव्हा पातळी कमी झाली असेल तर तेल गरम होऊन पातळ झालं की दाब पडतो. मग जाळी काढून धुवा. सोलेनॉइडची (ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या खटक्याची) वायर गिअरबॉक्सच्या वरून जाते, तिचे जोड हिरवे पडलेले असतात, ते कापून नवे करा. सोलेनॉइडची कॉइल थंड आणि गरम दोन्ही वेळी मीटरने मोजा. आतल्या ओ-रिंगा शेवटी.

पण हे सगळं इंजिन परत बसवायच्या आधी. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनासकट काढावा लागतो. तीन आठवडे मशिनशॉप घेईल, तेवढ्यात होईल. जाळीचा फोटो टाका, काय अडकलंय त्यावरून बरंच कळतं.